नियमात बसवलेली थकबाकी: एका नागरी सहकारी बँकेचे प्रकरण

हे प्रकरण मी वैधानिक लेखापरीक्षक म्हणून हाताळले. बँकेचे नाव, गाव आणि कर्जदारांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. रकमाही परस्परांतील प्रमाण राखून बदलल्या आहेत. व्यवहारांचा क्रम, तारखांचा मेळ आणि प्रत्येक टप्प्यावर घेतलेले निर्णय मात्र जसे घडले तसे ठेवले आहेत, कारण या प्रकरणात शिकण्यासारखे जे काही आहे ते त्या क्रमातच आहे.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातील यंत्रमाग आणि सायझिंगच्या (विणण्याआधी सुताला खळ देण्याच्या) धंद्यावर जगणाऱ्या एका शहरातील ही नागरी सहकारी बँक. चौदा शाखा, सुमारे ३८० कोटींच्या ठेवी आणि २४० कोटींची कर्जे. मार्च २०२३ च्या कच्च्या ताळेबंदात ढोबळ एनपीए (अनुत्पादक, म्हणजे परतफेड थांबलेली कर्जे) ९ कोटी ८० लाख, म्हणजे सुमारे ४.१ टक्के, दाखवले होते. त्यावर संशयित व बुडीत कर्ज निधीत तेवढीच तरतूद, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवलेली रक्कम, असल्यामुळे ती वजा जाता निव्वळ एनपीए शून्य होते. हे शून्य बँकेच्या प्रत्येक शाखेबाहेरच्या फलकावर, दिनदर्शिकेवर आणि वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेले असे. ठेवीदारासाठी ते बँकेच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र होते आणि संचालक मंडळासाठी पुढच्या निवडणुकीची शिदोरी.

आमच्या फर्मची नेमणूक २०२२-२३ या वर्षापासून झाली. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा नेमणुकीला तिची पूर्वमान्यता लागते आणि नेमणूक सलग तीन वर्षांची असते. बँकेचे संगणकीकरण पूर्ण झालेले होते. पण कर्जखात्यांची वर्गवारी संगणकाने आपोआप करण्याची सक्ती रिझर्व्ह बँकेने मोठ्या नागरी बँकांपासून सुरू केली होती आणि ही बँक त्या मर्यादेच्या बरीच खाली होती. त्यामुळे शाखाधिकारी तिमाहीअखेर यादी करीत, मुख्य कार्यालयातील कर्ज विभाग ती तपासून अंतिम करी आणि मगच एखाद्या खात्यावर अनुत्पादक असा शिक्का बसे. माणसाच्या हातात असलेला हा एक टप्पा पुढच्या सगळ्या घटनांच्या मुळाशी आहे.

मूळ कर्जदार म्हणजे भागीदारीतील एक सायझिंग कारखाना. २०१८ मध्ये त्याला नवीन यंत्रांसाठी मुदत कर्ज आणि सुतासाठी कॅश क्रेडिट, म्हणजे मालसाठ्याच्या तारणावर ठरावीक मर्यादेपर्यंत उचलता येणारे कर्ज, मिळाले. पहिले वर्ष बरे गेले. २०१९ च्या मंदीत कापडाला उठाव राहिला नाही, यंत्रमागधारकांकडची उधारी अडकली आणि सप्टेंबर २०१९ अखेरपासून हप्ते व व्याज थकले. डिसेंबरअखेर नव्वद दिवस उलटले. त्या दिवशी येणे बाकी सुमारे ४ कोटी ४० लाख होती.

समस्या कुठे दिसली

पहिली शंका आकड्यांमुळे आली नाही, ती कागदाच्या दिसण्यामुळे आली. आमच्याकडच्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने कारखान्याची बारा महिन्यांची साठापत्रके शेजारी शेजारी मांडली. सुताच्या साठ्याची किंमत दर महिन्याला दोन कोटी तीस लाखांच्या आसपास होती. व्यापाऱ्याचा साठा महिन्यागणिक वरखाली होतो, पण इथे तो होत नव्हता. तिने फाइलमधले महावितरणचे बिल शोधले, तर वापर जवळपास शून्य होता आणि फक्त स्थिर आकार लागलेला होता. सायझिंगचा कारखाना विजेशिवाय आणि बॉयलरशिवाय चालत नाही. विम्याची मुदतही संपून आठ महिने झाले होते.

मे २०२३ च्या पहिल्या आठवड्यात आम्ही जागेवर गेलो. दाराला कुलूप होते. रखवालदाराने सांगितले की, दोन दिवाळ्या झाल्या, बॉयलर पेटलेला नाही. तरीही बँकेच्या नोंदीत हे खाते उत्तम जिंदगी, म्हणजे परतफेड नियमित असलेले कर्ज, म्हणून दाखवलेले होते. त्यात व्याजाची आकारणी होत होती आणि ते व्याज उत्पन्नात धरले जात होते.

खात्याचा उतारा २०१९ पर्यंत मागे नेल्यावर चित्र उलगडले. ३० डिसेंबर २०१९ रोजी कारखान्याच्या खात्यात २२ लाख रुपये जमा झाले होते. ते एका भागीदाराच्या भावजयीच्या नावावर त्याच आठवड्यात मंजूर झालेल्या मालमत्ता तारण ओव्हरड्राफ्टमधून आले होते. ३० मार्च २०२१ रोजी दुसऱ्या भागीदाराच्या मेहुण्याच्या सूत-व्यापाराच्या पेढीला १ कोटी ९० लाखांचे कर्ज वाटप झाले. दुसऱ्या शाखेतील एका चालू खात्यातून सूत खरेदीच्या नावाखाली त्यातील १ कोटी १० लाख फिरले आणि ३१ मार्चला कारखान्याच्या थकबाकीत जमा झाले. पुढे पुतण्याच्या वाहतूक व्यवसायाला दीड कोटी मिळाले. भावजयीचा ओव्हरड्राफ्टही वाढत वाढत १ कोटी २० लाखांवर गेला. विकास सोसायट्यांच्या पीककर्जात ज्याला आपण नवे-जुने करणे, म्हणजे नव्या कर्जातून जुने फेडल्याचे दाखवणे, म्हणतो, तेच इथे चालले होते. फरक इतकाच की, शेतकऱ्याचे नवे-जुने त्याच्याच नावावर होते आणि ते सगळ्या गावाला माहीत असते. इथे नाव बदलले, शाखा बदलली आणि ग्राहक क्रमांक बदलला.

नियम काय सांगतो आणि तो कसा वापरला गेला

हा भाग जरा सविस्तर मांडावा लागेल, कारण मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांचा आमच्याशी झालेल्या प्रत्येक बैठकीत एकच मुद्दा होता: जे केले ते रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकात बसते. सुटा सुटा कागद पाहिला तर ते खोटे नव्हते.

हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक थकले की खाते अनुत्पादक होते. तेव्हापासून न मिळालेले व्याज उत्पन्नात धरता येत नाही आणि तरतूद सुरू होते. नागरी बँकांसाठी पहिल्या बारा महिन्यांत, म्हणजे दुय्यम प्रतीच्या टप्प्यात, ती दहा टक्के असते. त्यानंतर खाते संशयित होते. मग तारणाने न झाकलेल्या भागावर शंभर टक्के आणि झाकलेल्या भागावर पहिल्या वर्षी वीस, एक ते तीन वर्षांपर्यंत तीस आणि त्यापुढे शंभर टक्के तरतूद लागते. म्हणजे या नियमाला घड्याळ जोडलेले आहे. खाते कोणत्या तारखेला बिघडले यावर तरतुदीचा सगळा हिशेब अवलंबून असतो. हे घड्याळ सुरूच होऊ दिले नाही, तर बाकीचे नियम कितीही काटेकोर असले तरी लागू होत नाहीत.

या प्रकरणात घड्याळ तीनदा थांबवले गेले. पहिल्यांदा डिसेंबर २०१९ मध्ये २२ लाखांच्या भरण्याने. त्यानंतर टाळेबंदी आली. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात हप्तेस्थगितीची मुभा दिली आणि २९ फेब्रुवारी २०२० रोजी जी खाती उत्तम होती त्यांच्या बाबतीत हा काळ थकबाकीच्या दिवसांत मोजू नये असे ठरवले. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या ३ सप्टेंबर २०२० च्या अंतरिम आदेशामुळे, ३१ ऑगस्टपर्यंत अनुत्पादक न ठरलेली खाती तशी घोषित करता येईनात. हा आदेश २३ मार्च २०२१ रोजी उठला. खऱ्या अडचणीतल्या उद्योगांसाठी हा दिलासा आवश्यक होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या कारखान्याचा गळा मात्र करोनाच्या आधीच आवळला गेला होता.

आदेश उठला आणि आठवडाभरात ३१ मार्चचा भरणा झाला. हे दुसरे थांबवणे. ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कर्ज पुनर्गठनाची, म्हणजे परतफेडीच्या अटी सैल करून देण्याची, दुसरी खिडकी उघडली. तिची मुख्य अट होती की, खाते ३१ मार्च २०२१ रोजी उत्तम असले पाहिजे. पुनर्गठनाचा निर्णय ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत घ्यायचा होता, अंमलबजावणी त्यानंतर नव्वद दिवसांत करायची होती आणि शिल्लक कर्जावर दहा टक्के तरतूद ठेवायची होती. बँकेने २७ सप्टेंबरला ठराव केला, डिसेंबरमध्ये कागदपत्रे केली, दोन वर्षे परतफेड पुढे ढकलली आणि कॅश क्रेडिटची मर्यादा १ कोटी २० लाखांवरून १ कोटी ८० लाखांवर नेली. थकणारे व्याज वेगळ्या व्याज-मुदत कर्जात टाकले. त्याची बाकी मार्च २०२३ पर्यंत सुमारे ८० लाख झाली. दहा टक्के तरतूद, म्हणजे ४६ लाख, प्रामाणिकपणे केली. ज्या खात्यात येणे रक्कमच पुढे ढकललेली आहे ते थकू शकत नाही. कारखाना बंद, वीज बंद, भरणा शून्य, आणि तरीही थकबाकी शून्य. हे तिसरे थांबवणे, आणि नियमाच्या सगळ्यात जवळ जाणारे.

हीच रीत मोठ्या बँकांनी मोठ्या प्रमाणावर वापरल्याचा इतिहास फार जुना नाही. पुनर्गठित कर्जांना उत्तम म्हणवून घेण्याची सवलत १ एप्रिल २०१५ पासून बंद झाली. त्याच वर्षी रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांच्या कर्जांच्या गुणवत्तेची विशेष तपासणी सुरू केली आणि मार्च २०१८ पर्यंत ढोबळ एनपीए अकरा टक्क्यांच्या वर गेले. ती कर्जे त्या तीन वर्षांत बिघडली नव्हती. त्यांना नाव देण्याचे काम तेवढे त्या वर्षांत झाले. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत एका बांधकाम समूहाची कर्जे २१,०४९ बनावट खात्यांआड दडवल्याचे उघड झाले. तो सरळ खोट्या नोंदींचा प्रकार होता. आमच्या बँकेत एकही बनावट खाते नव्हते. कर्जदार खरे, सह्या खऱ्या, ठराव खरे आणि परिपत्रकांचे क्रमांकही खरे. म्हणूनच ते पकडायला अवघड होते.

नात्यातील खाती वेगळी दाखवण्यामागे आणखी एक कारण होते. मार्च २०२० च्या परिपत्रकाने नागरी बँकांना एका कर्जदाराला पहिल्या श्रेणीच्या भांडवलाच्या (मुख्यतः भागभांडवल व राखीव निधी) १५ टक्के आणि एका समूहाला २५ टक्के अशी मर्यादा घातली आणि आधीची जादा कर्जे ३१ मार्च २०२३ पर्यंत मर्यादेत आणण्यास सांगितले. बँकेचे हे भांडवल ३७ कोटी होते, म्हणजे समूहाची मर्यादा सव्वानऊ कोटी. कारखान्याचे ४ कोटी ६० लाख, व्याज-मुदत कर्जाचे ८० लाख आणि तीन नातेवाइकांचे ४ कोटी ६० लाख मिळून बरोबर दहा कोटी होत होते. समूह मान्य केला की मर्यादाभंगही मान्य करावा लागला असता.

पर्याय

आमच्यासमोर चार वाटा होत्या आणि त्या सगळ्यांवर आमच्या कार्यालयात दोन दिवस चर्चा झाली.

पहिली वाट व्यवस्थापनाने सुचवलेली. पुनर्गठन नियमात आहे, स्थगिती डिसेंबर २०२३ पर्यंत आहे, तेव्हा यंदा खाते उत्तम ठेवा, हिशेबाच्या टिपांमध्ये दोन ओळी लिहा आणि पुढच्या वर्षी बघू. माझ्या एका भागीदाराला ही वाट अगदीच अमान्य नव्हती. त्यांचे म्हणणे असे की, पहिल्याच वर्षी लेखापरीक्षकाने बँकेवर अविश्वास दाखवला आणि गावात बोलवा झाली, तर ठेवी काढण्यासाठी रांग लागेल आणि आपण ज्या ठेवीदारांसाठी काम करतो त्यांचेच नुकसान करू. हा मुद्दा मी हलका मानत नाही. पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा आहे, पण त्यावरची रक्कम ठेवणारे निवृत्त शिक्षक आणि यंत्रमाग कामगार त्या बँकेत शेकड्यांनी होते.

दुसरी वाट म्हणजे वर्गवारीतील बदल आम्ही सुचवायचे, बँकेने ते ताळेबंदात घ्यायचे आणि अभिप्राय स्वच्छ द्यायचा. तिसरी, बँकेने नकार दिला तर रकमेसह सशर्त अभिप्राय द्यायचा, म्हणजे ताळेबंद कुठे चुकतो ते अहवालात लिहायचे. चौथी, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८१ खालील विशेष अहवालाची वाट. ती हिशेबातील गुन्ह्याच्या निष्कर्षापर्यंत आल्यावरच घेता येते. आमच्याकडे नवे-जुने केल्याचा पक्का माग होता, पण कोणी स्वतःसाठी पैसा घेतल्याचा पुरावा नव्हता.

निर्णय फिरला तो एका तारखेवर. आम्ही स्वतःला विचारले: २२ लाखांचा तो पहिला भरणा खरा मानायचा का? पैसा बँकेचाच होता, एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला. तो भरणा नाही असे मानले की खाते ३१ डिसेंबर २०१९ लाच अनुत्पादक ठरते. मग ते २९ फेब्रुवारी २०२० रोजी उत्तम नव्हते, म्हणून करोनाची स्थगिती त्याला लागू होत नाही. न्यायालयाचा आदेशही लागू होत नाही. ३१ मार्च २०२१ ची अट पुरी होत नाही, म्हणून पुनर्गठनही निष्फळ. एक वीट काढली की वरची सगळी रचना ढासळत होती आणि त्या विटेबाबत आम्हाला कसलीही शंका नव्हती. पहिली वाट तिथेच बंद झाली.

नातेवाइकांच्या खात्यांचे उत्तर वेगळ्या नियमाने मिळाले. त्यांची परतफेड २०२२ च्या पावसाळ्यानंतर थांबली होती आणि डिसेंबरमध्ये नव्वद दिवस उलटले होते. मार्च २०२३ मध्ये त्यांत थोडा थोडा भरणा दाखवून ती पुन्हा उत्तम केली होती. रिझर्व्ह बँकेच्या १२ नोव्हेंबर २०२१ च्या स्पष्टीकरणानुसार सगळी थकबाकी भरल्याशिवाय असे करता येत नाही. त्यामुळे ही तिन्ही खाती दुय्यम प्रतीची ठरली.

कृती

मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांबरोबरची पहिली बैठक मेच्या मध्यावर झाली आणि ती निष्फळ ठरली. ते तीस वर्षे त्या बँकेत होते, कारकुनापासून वर आलेले, आणि मला ते बेइमान वाटले नाहीत. त्यांची भीती वेगळी होती. निव्वळ एनपीए सहा टक्क्यांच्या वर गेले, भांडवल पर्याप्तता (जोखमीच्या कर्जांच्या मानाने बँकेचे स्वतःचे भांडवल) नऊ टक्क्यांच्या खाली आली किंवा सलग दोन वर्षे तोटा झाला, तर रिझर्व्ह बँकेची तेव्हाची पर्यवेक्षी कारवाईची चौकट लागू होऊ शकत होती. एकदा ते झाले की लाभांश, नवी कर्जे आणि शाखा यांवर बंधने येत. “साहेब, एकदा त्या यादीत नाव गेलं की बँक संपली,” असे ते मला दोनदा म्हणाले.

आश्चर्य म्हणजे, हे आकडे खरे बदलल्यावर किती होतील याचा हिशेब चार वर्षांत बँकेत कोणीही केला नव्हता. तो व्यवस्थापन मंडळातील (संचालक मंडळाला सल्ला देणाऱ्या जाणकारांच्या समितीतील) एका निवृत्त राष्ट्रीयीकृत बँक अधिकाऱ्यांनी आमच्या कार्यपत्रावरून केला. कारखान्याच्या ४ कोटी ६० लाखांपैकी तारणाची वसूल होण्याजोगी किंमत २ कोटी ६० लाख. न झाकलेले दोन कोटी पूर्ण आणि झाकलेल्या भागाचे तीस टक्के म्हणजे ७८ लाख, मिळून २ कोटी ७८ लाख. नातेवाइकांच्या ४ कोटी ६० लाखांवर दहा टक्क्यांनी ४६ लाख. एकूण ३ कोटी २४ लाख. पुनर्गठनावेळी केलेली ४६ लाखांची तरतूद वजा जाता २ कोटी ७८ लाख नव्याने हवे होते. उत्पन्नात धरलेले ८० लाखांचे व्याज उलटवायचे होते. म्हणजे १ कोटी ९० लाखांच्या नफ्याऐवजी १ कोटी ६८ लाखांचा तोटा.

ढोबळ एनपीए ९ कोटी ८० लाखांवरून १९ कोटींवर, सुमारे ७.९ टक्के. निव्वळ एनपीए सुमारे २.६ टक्के. भांडवल पर्याप्तता १३.४ वरून १२ टक्क्यांच्या थोडी वर. एकही आकडा कारवाईच्या उंबरठ्याच्या जवळपास नव्हता. ज्या भीतीपोटी चार वर्षे लपवाछपवी झाली ती भीती कागदावर कधी मांडलीच गेली नव्हती. मला या संपूर्ण प्रकरणात सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच आहे.

संचालक मंडळाची बैठक तीनदा झाली. पहिल्या बैठकीत आमची नेमणूक रद्द करण्याची भाषा झाली, पण रिझर्व्ह बँकेच्या मान्यतेवाचून ते शक्य नव्हते. या एका नियमामुळे आमचे पाय डगमगले नाहीत, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दुसऱ्या बैठकीत निम्मी खाती यंदा आणि निम्मी पुढच्या वर्षी दाखवण्याची तडजोड पुढे आली. आम्ही नाही म्हटले आणि सशर्त अभिप्रायाचा मसुदा टेबलावर ठेवला. तिसऱ्या बैठकीत वरील हिशेब वाचला गेला. अध्यक्षांनी तो स्वतः दोनदा तपासला आणि सगळे बदल ताळेबंदात घेण्याचा ठराव एका मताच्या फरकाने मंजूर झाला. जूनमध्ये आम्ही अहवाल दिला. त्यात नातेवाइकांच्या खात्यांतून फिरलेल्या रकमांचे तारीखवार परिशिष्ट जोडले आणि समूह मर्यादेचा भंग वेगळा नोंदवला.

परिणाम

वार्षिक सर्वसाधारण सभा ऑगस्टमध्ये झाली. लाभांश नव्हता. सभा तीन तास गाजली. पुढच्या दोन महिन्यांत ठेवी सुमारे सहा टक्क्यांनी घटल्या, दिवाळीनंतर त्या स्थिर झाल्या. शाखांवरचे फलक उतरवले गेले.

रिझर्व्ह बँकेच्या त्या वर्षीच्या तपासणीत आमची वर्गवारी मान्य झाली आणि आम्हाला न सापडलेली आणखी दोन खातीही त्यांनी काढली. दोन्ही लहान होती, पण रीत तीच होती.

वसुलीची कहाणी जास्त दुःखद आहे. न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेण्याची मुभा देणाऱ्या सरफेसी कायद्याखाली कारखान्याचा ताबा घेतला, जामीनदारांविरुद्ध सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखले मिळवले. जागेला गिऱ्हाईक मिळाले. यंत्रांना मिळाले नाही. चार वर्षे बंद राहिलेल्या सायझिंग यंत्रांचे सुटे भाग चोरीला गेले होते, बॉयलर गंजला होता. अखेर ती भंगाराच्या भावाने, किलोवर गेली. मार्च २०२५ पर्यंत संपूर्ण समूहाकडून १ कोटी ४० लाख वसूल झाले होते.

वेगळे काय करता आले असते

बँकेच्या बाजूने पाहिले तर निर्णयाचा खरा क्षण डिसेंबर २०१९ हा होता. त्या वेळी ४ कोटी ४० लाखांवर दहा टक्के, म्हणजे ४४ लाखांची तरतूद लागली असती. यंत्रे चालू होती, शहरात ती घेणारे दोन कारखानदार होते आणि भागीदारांमध्ये अजून भांडण झालेले नव्हते. खाते अनुत्पादक दाखवूनही कर्जदाराला मदत करता येते, हप्ते लांबवता येतात, एकरकमी परतफेडीची बोलणी करता येतात. वर्गवारी ही शिक्षा नाही, ती नोंद आहे. आपल्याकडच्या सहकारी बँकांत शाखाधिकाऱ्यापासून अध्यक्षापर्यंत सगळे ती शिक्षा समजतात आणि म्हणून ती टाळण्यासाठी पदरचे पैसे घालतात. या प्रकरणात नातेवाइकांना दिलेल्या कर्जांतील सुमारे १ कोटी ३० लाख समूहाबाहेरची देणी भागवण्यात गेले. हा नवा पैसा होता, ठेवीदारांचा, आणि तो केवळ जुने कर्ज चांगले दिसावे म्हणून बाहेर पडला.

आमच्या बाजूने झालेल्या चुका मला अधिक नेमक्या सांगता येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये आम्ही अंतरिम तपासणीला गेलो होतो. तेव्हा तिमाहीच्या शेवटच्या दोन दिवसांत होणारे मोठे भरणे माझ्या नजरेला आले होते. कर्ज विभागाने सांगितले की, व्यापारी तिमाहीअखेरच हिशेब मिटवतात. मी ते ऐकून घेतले आणि पुढे गेलो. तेव्हाच भरण्याचा उगम शोधला असता, तर नातेवाइकांच्या खात्यांत त्यानंतर वाढलेली रक्कम वाचली असती. पुनर्गठित खात्यांचा नमुना आम्ही रकमेच्या आकारावरून निवडला, हीही चूक होती. अशा खात्यांत रक्कम महत्त्वाची नसते. पुनर्गठनाआधीची थकबाकी कोणाच्या पैशाने मिटली, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पुढच्या दोन वर्षांत आम्ही २५ लाखांवरील प्रत्येक खात्याचे तिमाहीअखेरचे भरणे काढून त्यांचा उगम दोन पायऱ्या मागे तपासत गेलो. काम कंटाळवाणे आहे. रिझर्व्ह बँकेला सापडलेली ती दोन खाती या पद्धतीने आम्हाला पहिल्याच आठवड्यात सापडली असती.

आणखी एक गोष्ट आहे आणि ती माझ्या मनातून गेलेली नाही. ३० मार्च २०२१ चे वाटप ज्या शाखेतून झाले तिथल्या शाखाधिकाऱ्यांना बँकेने निलंबित केले. मुख्य कार्यकारी अधिकारी मुदत पूर्ण करून निवृत्त झाले. कर्ज विभागातून कोणावर कारवाई झाली नाही. त्या शाखाधिकाऱ्यांनी आम्हाला मेमध्येच सांगितले होते की, मंजुरीचा निरोप मुख्य कार्यालयातून दूरध्वनीवर आला आणि कागद दोन दिवसांनी आले. संगणकातील वेळेच्या नोंदी त्यांच्या म्हणण्याशी जुळत होत्या. वाटप आधी झाले होते, मंजुरीची नोंद नंतर पडली होती. पण आमच्या परिशिष्टात आम्ही प्रत्येक व्यवहारापुढे तो करणाऱ्याचा वापरकर्ता क्रमांक लिहिला आणि हा क्रम लिहिला नाही, कारण तोंडी निरोपाचा पुरावा आमच्याकडे नव्हता. वेळेच्या नोंदींचा पुरावा मात्र होता. विभागीय चौकशीत त्यांच्याविरुद्ध वापरलेला मुख्य कागद म्हणजे आमचेच परिशिष्ट. हे मला कळल्यावर मी वेळेच्या नोंदींसह पुरवणी पत्र पाठवले. ते पोहोचले तेव्हा चौकशी अधिकाऱ्यांचा अहवाल सादर होऊन तीन आठवडे झाले होते.